पट्टा ताणण्याआधी नक्षी किती सरकली ते मोजा

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत परत लिहितो, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुम्हाला बघता येईल. किटवरून जोडलेलं छोटं सीएनसी राऊटर (कॉम्प्युटरच्या फाईलवर लाकूड कोरणारं मशीन), टेबल ६०० बाय ९००, एक्स (डावी-उजवी) आणि वाय (पुढची-मागची) दोन्ही दिशा पट्ट्यावर चालतात, ६ एमएम रुंद जीटी-२ पट्टा, २० दातांची पुली, नेमा २३ मोटर, मोटरला वीज देणारा टीबी ६६०० ड्रायव्हर, वर कापायला ट्रिमर बसवलाय. सागवानाच्या फळीवर देव्हाऱ्याच्या मागच्या बाजूसाठी गणपती कोरायला घेतला, तीन तास सगळं छान चाललं, मग कट-कट आवाज आला आणि तिथून पुढची सगळी नक्षी उजवीकडे सरकली, साधारण ४ एमएम. पट्टा दोनदा ताणून बघितला, दुसऱ्यांदा ताणल्यावर उलट जास्तच वेळा व्हायला लागलं, तर आता नवीन पट्टा मागवू का असं विचारलंय तुम्ही.

आत्ता मागवू नका. मी गेली बरीच वर्षं अशाच मशीनवर नावाच्या पाट्या, देव्हाऱ्याच्या कमानी, फणसाच्या आणि सागवानाच्या फळ्या कोरतोय, आणि 'पट्टा घसरतो' म्हणून माझ्याकडे जी मशीन आली त्यातल्या बऱ्याच मशीनमध्ये पट्टा बिचारा ठणठणीत होता, घसरत होतं दुसरंच काहीतरी. नक्षी सरकली की डोळ्याला सगळ्यात आधी पट्टाच दिसतो ना, मोटरचा शाफ्ट पुलीच्या आत लपलेला असतो आणि ड्रायव्हर तर डब्यात बंद, मग आपण जे दिसतंय तेच आवळतो.

पहिली गोष्ट, हा पट्टा गिरणीच्या पट्ट्यासारखा घसरतच नाही. पिठाच्या गिरणीचा सपाट पट्टा नुसत्या घर्षणावर चालतो, तो हळूहळू सरकतो, गरम होतो, जळका वास येतो आणि त्याला राळ लावली की तात्पुरतं भागतं. आपल्या पट्ट्याला दात आहेत, तो एकतर पुलीच्या खाचेत बसलेला असतो नाहीतर त्या खाचेवरून उडी मारून पुढच्या खाचेत जाऊन बसतो, मधलं काही नसतं. म्हणून कोणी सांगितलं की पट्ट्यावर राळ किंवा पकड वाढवायचा स्प्रे मारा, तर अजिबात मारू नका, त्यावर भुसा चिकटून खाचा भरतात आणि नसलेला प्रॉब्लेम तयार होतो.

आता याच दातांमुळे एक फार कामाची गोष्ट होते, नक्षी किती सरकली त्या आकड्यावरून चोर सापडतो. जीटी-२ म्हणजे दोन दातांमधलं अंतर २ एमएम, त्यामुळे पट्ट्याने पुलीवर दात उडवला तर सरकणं २, ४, ६, ८ असंच येणार, ३ येणार नाही, दीड येणार नाही. मोटरने स्टेप सोडल्या तर हिशोब वेगळा (ही मोटर ठराविक बारीक पावलं टाकत फिरते, एक पाऊल म्हणजे एक स्टेप). आपली मोटर एका फेऱ्याला २०० स्टेपची, २० दातांची पुली एका फेऱ्यात ४० एमएम सरकवते, म्हणजे एक पूर्ण स्टेप ०.२ एमएम, आणि स्टेपर मोटर अडकून मागे पडते तेव्हा चार-चार पूर्ण स्टेपच्या पटीत मागे पडते, कारण आतल्या रोटरला ५० दात असतात आणि पुढची तशीच जागा चार स्टेपवरच असते. म्हणजे ०.८, १.६, २.४, ३.२ असं सरकणं दिसलं तर मोटरने स्टेप सोडल्यात. आणि सरकणं यातल्या कशातच बसत नाही, एकदा १.३ आलं, पुढच्या वेळी २.७ आलं, दर वेळी नवीनच आकडा, तर पुली शाफ्टवर फिरतेय किंवा लाकूडच जागचं हललंय.

तुमचं नशीब असं की तुमचा आकडा नेमका ४ आहे. ४ म्हणजे पट्ट्याचे दोन दात पण होतात आणि ०.८ चे पाच हिस्से पण होतात, दोन्हीकडे बसतो (८ चं पण तसंच). शिवाय तुम्ही 'साधारण ४' लिहिलंय, ते पट्टीने बघितलं असणार. व्हर्नियरने (बारीक माप घ्यायच्या कॅलिपरने) परत मोजा, नक्षीतली एखादी सरळ कड धरा जी सरकण्याच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा कोरली गेलीये. ३.७ आलं तर गोष्ट बदलली, आणि ४.० आलं तर अजून एक-दोन वेळा सरकू द्यावं लागेल. चांगल्या सागवानावर नको, एमडीएफच्या तुकड्यावर तीच फाईल चालवा आणि प्रत्येक वेळचा आकडा वहीत लिहा. २ किंवा ६ आलं की पट्टा, २.४ आलं की मोटर.

एवढं करायला वेळ नसेल तर दुसरा उपाय आहे खुणांचा, मी स्वतः हाच जास्त वापरतो, नेलपॉलिश किंवा व्हाईटनर पुरतं. मशीन बंद करा, एक्सची कॅरेज, म्हणजे ट्रिमर घेऊन सरकणारी गाडी, हाताने एका टोकाला नेऊन ठेवा आणि ती ज्या आडव्या बीमवर चालते त्यावर तिच्या कडेला अगदी बारीक पेन्सिलची रेघ मारा. हाताने ढकलताना हळू ढकला हां, स्टेपर जोरात फिरवली की ती वीज तयार करते आणि ती ड्रायव्हरमध्ये उलटी जाते. आता पुलीच्या तोंडाशी, मोटरचा शाफ्ट जिथे बाहेर दिसतो तिथे, शाफ्टवरून पुलीवर जाणारी एक सलग रेघ ओढा. मग पुलीच्या एका दातावर एक टिंब आणि तो दात पट्ट्याच्या ज्या खाचेत बसलाय त्या खाचेच्या पाठीवर दुसरं टिंब. मग काम चालू करा. सरकलं की मशीन बंद, कॅरेज हाताने परत त्या पेन्सिलच्या रेघेवर आणा आणि टॉर्च मारून बघा. शाफ्टवरची रेघ तुटली असेल तर पुली शाफ्टवर फिरली. रेघ सलग आहे पण दोन टिंबं समोरासमोर येत नाहीत, पुलीचं टिंब एखाद-दोन दात पुढेमागे आहे, तर पट्ट्याने दात उडवला. आणि रेघ पण शाबूत, टिंबं पण समोरासमोर, तरी कोरताना सरकलं, म्हणजे पट्टा आणि पुली दोघंही निर्दोष, मोटरने स्टेप सोडल्यात नाहीतर फळी हललीये. फळीसाठी सुरुवातीलाच तिच्या चारी बाजूंनी टेबलावर पेन्सिल फिरवून ठेवा, हलली तर लगेच दिसेल.

तुमच्या बाबतीत मला पहिला संशय शाफ्टवर आहे, त्याचं कारण सांगतो. नेमा १७ ची छोटी मोटर असती तर मी म्हटलं असतं की मोटर आधी दम सोडते, पट्ट्याला काही होत नाही. पण नेमा २३ ताकदवान असते. समजा तुमची मोटर १.२ न्यूटन मीटरची आहे, २० दातांच्या पुलीची त्रिज्या साधारण ६.४ एमएम, तर कागदावर ती मोटर पट्ट्याला जवळजवळ १९ किलोच्या जोराने धरते, चालताना कमी, पण तरी भरपूरच. एवढा जोर मोटर लावते तेव्हा साखळीतली सगळ्यात कमजोर कडी आधी सुटते आणि ती कडी बहुतेक वेळा पुलीचा ग्रब स्क्रू असते, शाफ्टवर फक्त दोन बारीक स्क्रूंनी दाबून धरलेली पुली. आणि तुम्ही पट्टा जास्त ताणल्यावर त्रास वाढला म्हणताय, तेव्हा पट्टा सैल असणं हे मूळ कारण नव्हतं हे तर तुमच्याच अनुभवातून दिसतंय.

माझ्या स्वतःच्या मशीनवर एकदा असंच झालं होतं. नावाच्या पाट्यांची ऑर्डर होती, दिवाळीच्या आधीचे दिवस, रोज दोन पाट्या निघायच्या आणि मधूनच एक पाटी वाया जायची. मी पट्टा बदलला, परत सरकलं, मग तणाव वाढवला, परत सरकलं, चार चांगल्या फळ्या फुकट गेल्या. शेवटी पुली काढून हातात घेतली तेव्हा कळलं की ती शाफ्टवर किंचित डुगडुगतेय. मोटरचा शाफ्ट ६ एमएमचा होता आणि दुकानातून आलेली पुली ६.३५ च्या भोकाची, पाकिटावर ६ लिहिलेलं. ग्रब स्क्रू आवळला की एका बाजूला दाबून बसायची, दोन-तीन तास धरायची, गरम झालं, थरथरलं की सुटायची. तुमच्या तीन तासांशी हे जुळतंय म्हणून मुद्दाम लिहिलं. व्हर्नियर लावा आणि शाफ्ट मोजा, ६, ६.३५ आणि ८ असे तीन शाफ्ट बाजारात सर्रास मिळतात आणि पहिल्या दोघांतला फरक डोळ्याला दिसत नाही.

भोक बरोबर असेल तर स्क्रूकडे या. दोन ग्रब स्क्रूपैकी एक तरी शाफ्टच्या चपट्या भागावर टेकला पाहिजे. शाफ्ट पूर्ण गोल असेल, नेमा २३ मध्ये असे पुष्कळ येतात, तर कानशीने एक छोटा चपटा भाग करून घ्या, अर्धा एमएम खोल पुरे. कानस चालवायच्या आधी मोटरचं तोंड चिकटपट्टीने नीट बंद करा, शाफ्टला ओला कपडा गुंडाळा, कारण आत मॅग्नेट आहे आणि लोखंडाचा कीस आत गेला की तो बाहेर येत नाही. मग शाफ्ट आणि स्क्रू दोन्ही आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसून कोरडे करायचे, स्क्रूच्या आट्यांवर लॉकटाईट २४३ चा एक थेंब, स्क्रू सुटू न देणारं निळं मिळतं ते, आणि चपट्या भागावरचा स्क्रू आधी आवळायचा, मग दुसरा. थेंब एकच, प्लास्टिकच्या भागांवर आणि पट्ट्यावर जाऊ देऊ नका, काही प्लास्टिक त्याने तडकतं. रात्रभर तसंच ठेवून सकाळी मशीन चालवा. एम-३ च्या ग्रब स्क्रूला दीड एमएमची ॲलन की लागते, एम-४ ला २ ची, आणि किटसोबत येते ती की मऊ असते, दोनदा आवळली की तिचे कोपरे गोल होतात, मग आपल्याला वाटतं स्क्रू आवळला पण की नुसती आत फिरलेली असते. चांगली की एकदाच विकत घ्या. हा एवढासा खर्च वाचवायला जाऊन लोक सागवान वाया घालवतात हे बघून खरंच जीव हळहळतो.

आता समजा टिंबं सरकलेली निघाली, म्हणजे पट्ट्यानेच दात उडवलाय, तर मग काय बघायचं. सगळ्यात आधी पुलीच्या खाचा. तुमची पुली मोटरसकट कॅरेजवर आहे, ट्रिमरपासून वितभर अंतरावर, सगळा भुसा तिच्याच अंगावर. सागवान तेलकट असतं, त्याची बारीक पूड खाचेच्या तळाशी दाबून-दाबून बसते आणि खाच उथळ होते, पट्टा मग खाचेत बसत नाही, वरवर चढून राहतो. एमडीएफची पूड तर मैद्यासारखी. आमच्याकडे सिंधुदुर्गात पावसाळ्यात ती पूड ओल धरते आणि अक्षरशः पुट्टीसारखी कडक होते, जून ते सप्टेंबर मी दर आठवड्याला जुन्या टूथब्रशने पुली घासतो, बाकीच्या दिवसात महिन्यातून एकदा. नाशिकला तुमच्याकडे एवढी ओल नसेल पण तुम्ही पुली कधीच साफ केली नसेल तर आजच सुई घेऊन एका खाचेचा तळ खरवडून बघा, खाली चकाकता धातू दिसायच्या आधी किती माल निघतो ते. पट्ट्याला आणि पुलीला तेल, ग्रीस, डब्ल्यूडी-४० काहीही लावू नका.

मग बघा किती दात पकडलेत. पट्टा बीमच्या दोन टोकांना बांधलेला आणि मोटरच्या दोन्ही बाजूंना आयडलर (पट्टा वळवणारी मोकळी चाकं), अशी रचना असेल तुमची, वरून बघितलं तर पट्टा पुलीवर घोड्याच्या नालेसारखा वळलेला दिसेल. निदान सहा दात तरी पूर्ण बसलेले हवेत, आठ-नऊ असतील तर उत्तम. आयडलर पुलीपासून लांब गेले असतील तर वळसा कमी होतो आणि पट्टा उडतो, मग कितीही ताणा. आयडलरचं बेअरिंग हाताने फिरवून बघा, खरखर येत असेल किंवा अडकत असेल तर बदला, ती बेअरिंग स्वस्तात मिळतात. एक डोळा मिटून पट्ट्याच्या रेषेत बघा, दोन्ही आयडलर आणि पुली एका रेषेत आहेत ना, पुली शाफ्टवर दोन एमएम वरखाली बसली असेल तर पट्टा तिच्या कडेच्या चकतीवर चढतो आणि काठाचे धागे निघायला लागतात. पट्ट्याच्या काठाला असे पांढरे केस दिसले की रेषा चुकलीये समजा.

पट्ट्याची टोकं जिथे बांधलीत तिथे पण बघा, ही जागा सगळे विसरतात. टोक क्लॅम्पमधून हळूहळू सुटत असेल तर पट्टा ढिला होतो आणि नक्षी सरकते, आणि किटमधल्या काही क्लॅम्पमध्ये पट्टा नुसता चपट्या पत्र्याखाली दाबलेला असतो. पट्ट्याचे दात दातांतच अडकतील असं करा, म्हणजे टोक दुमडून स्वतःवरच दातात दात बसवून दाबा. क्लॅम्पपाशी पट्ट्यावर एक आडवी रेघ मारून ठेवा, टोक सरकलं तर ती रेघ सांगेल.

आणि पट्टा-पुलीची जात एक आहे ना. एमएक्सएल नावाचा पट्टा दिसायला जीटी-२ सारखाच असतो पण त्याचं अंतर २.०३२ एमएम, इंचाच्या हिशोबातला. दहा दात पकडले की पाव-तृतीयांश एमएमचा फरक जमा होतो, तो पट्टा पुलीवर नीट बसूच शकत नाही. ओळखायला सोपं आहे, पट्ट्याचे १०० दात मोजा आणि पट्टीने लांबी बघा, २०० एमएम आलं तर जीटी-२, २०३ च्या पुढे आलं तर चुकीचा माल. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा लॅमिंग्टन रोडला प्रत्यक्ष जाऊन घेताय तर जुनी पुली खिशात घेऊन जा आणि काउंटरवरच बसवून बघा.

आता तणाव. तुम्ही लिहिलंय 'टणक होईपर्यंत ताणला'. एवढा नको. जास्त ताणला की मोटरच्या शाफ्टवर आडवा जोर येतो, पुढचं बेअरिंग खराब होतं, कॅरेज जड होते आणि मग मोटर स्टेप सोडायला लागते, म्हणजे एक रोग बरा करायला दुसरा ओढवून घेतो. दुसऱ्यांदा ताणल्यावर तुमचा त्रास वाढला त्याचं हेच कारण असू शकतं. मी पट्टा छेडून त्याचा आवाज मोजतो. कॅरेज अशी उभी करा की पट्ट्याचा मोकळा भाग बरोबर ३० सेंटीमीटर राहील, बोटाने तार छेडावी तसा छेडा आणि मोबाईलवर गिटार ट्यूनरचं ॲप लावा. हिशोब असा की मोकळ्या लांबीचा (मीटरमध्ये) वर्ग, सेकंदाच्या कंपनांचा (हर्ट्झ) वर्ग, पट्ट्याचं मीटरमागे वजन किलोमध्ये, हे सगळं गुणायचं आणि वर चारने गुणायचं, उत्तर न्यूटनमध्ये. पट्ट्याचं वजन किचनच्या डिजिटल काट्यावर करा, उरलेला तुकडा असेलच घरात. समजा मीटरला ८ ग्रॅम भरला, तर ३० सेंटीमीटरवर ८२ हर्ट्झ म्हणजे जवळपास २० न्यूटन, दोन किलोचा ताण. ८२ म्हणजे गिटारची सगळ्यात जाड तार, तिच्या पुढची ११० ची, त्याला साडेतीन किलो होतात. माझे ६ एमएमचे पट्टे मी या दोन सुरांच्या मध्ये ठेवतो आणि सागवानात मला ते पुरतं. वायच्या दोन्ही बाजूंचे पट्टे मात्र एकाच सुरात हवेत, एक ढिला आणि एक घट्ट असेल तर बीम तिरका चालतो आणि चौकट काटकोनात येत नाही. दोन्ही बाजूंचा सूर सारखा करण्यासाठी अर्धा तास गेला तरी तो वाया गेलेला वेळ नाही.

तिसरी शक्यता मोटरने स्टेप सोडल्याची. यात पट्ट्याला हात लावायची गरजच नाही. मशीन बंद करून कॅरेज या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूच ढकला, सगळीकडे सारखी हलकी लागली पाहिजे. कुठे अडकत असेल तर रेलवर भुसा साचलाय किंवा चाकांचे एक्सेंट्रिक नट (फिरवले की चाक रेलवर घट्ट-सैल होतं ते) जास्त आवळलेत, चाक बोटाने धरून कॅरेज ढकलली तर चाक थोडं कष्टाने का होईना घसरलं पाहिजे, तेवढंच आवळायचं. व्हॅक्यूमचा पाईप बघा, तो ताठ असतो आणि टेबलाच्या लांबच्या कोपऱ्यात गेल्यावर कॅरेजला मागे ओढतो. नक्षी नेहमी फळीच्या एकाच बाजूला सरकत असेल तर मी पाईपकडेच बघतो, वरून दोरीने टांगला की सुटतं.

ड्रायव्हरचा करंट मोटरवर लिहिलेल्या आकड्याच्या पुढे नको, पण फार कमी पण नको, किटमध्ये पुष्कळदा कमीवर ठेवलेला येतो. टीबी ६६०० ला पंखा लावा, उन्हाळ्यात बंद डब्यात तो तापतो आणि तापला की स्वतःला वाचवायला मधूनच बंद पडतो, तीन तासांनी होणाऱ्या त्रासामागे हे पण कारण असू शकतं. मोटर बऱ्यापैकी गरम होणं नॉर्मल आहे. आणि वीज चालू असताना मोटरची वायर कधीही काढू-घालू नका, ड्रायव्हर जातो. मशीन चालवणारं सॉफ्टवेअर जीआरबीएल असेल तर एक्सचं ॲक्सिलरेशन, १२० नंबरचं सेटिंग, निम्मं करून बघा. सरकणं थांबलं तर चोर इथेच होता. १०० नंबरचं सेटिंग, म्हणजे एमएमला किती स्टेप, त्याला मात्र हात लावू नका. वन बाय एट मायक्रोस्टेपला (एका स्टेपचे आठ भाग) ते ४० च असायला हवं, सरकणं लपवायला ते बदललं तर मापं कायमची बिघडतील आणि सरकायचं ते सरकेलच.

कट-कट आवाजाबद्दल. दात उडताना एक-दोन सुटे ठोके येतात, ताणलेलं रबर सोडल्यासारखे. मोटर अडकते तेव्हा घर्रर्र असा सलग गुरगुराट येतो. पुली शाफ्टवर फिरते तेव्हा पुष्कळदा काहीच आवाज येत नाही, म्हणूनच ती फसवते. तुमचा कट-कट जर दोनच ठोके असेल आणि सरकणं अगदी बरोबर ४.० निघालं तर माझा पहिला संशय चुकीचा आणि दात उडाले हेच बरोबर, तसं निघालं तर पुलीच्या खाचा आणि वळसा आधी बघा.

आणि लाकडाकडे बघा की. फळीचा फोटो बघितला तर सोंडेच्या वर एक गाठ दिसतेय आणि सरकणं तिच्या आसपासच सुरू झालंय. गाठ बाकीच्या लाकडापेक्षा बरीच कडक, तिथे शीर फिरते, आणि तीन तास सागवानात चाललेलं टूल तोवर बोथट झालेलं असतं, सागवानात सिलिका असते ती धार खाते. बोथट टूल कापत नाही, ढकलतं, आणि तो सगळा ढकलण्याचा जोर पट्ट्यावर येतो. तुम्ही ६ एमएमच्या टूलने ३ एमएम खोल जाताय, पट्ट्याच्या मशीनला हे जास्त आहे. मी सागवानात रफिंगला (पहिल्या ओबडधोबड कापणीला) दीड एमएम खोल, १२०० चा फीड (मिनिटाला १२०० एमएम) आणि ट्रिमर मिनिटाला १६ हजार फेऱ्यांवर ठेवतो, दोन धारांचं टूल. ट्रिमर ३० हजारांवर ठेवून फीड कमी केला की टूल नुसतं घासतं, लाकूड काळं पडतं आणि धार अजून लवकर जाते. चिमटीत घेतल्यावर भुशाचे बारीक तुकडे जाणवले पाहिजेत, नुसती पूड येत असेल तर टूल घासतंय.

हे सगळं करूनही दात उडतच राहिले तर मगच पट्टा बदलायचा विचार करा, आणि तेव्हा तोच ६ एमएम परत घेऊ नका, ९ किंवा १० एमएम रुंद घ्या, पुली आणि आयडलर पण त्या रुंदीचे. ३ एमएम पिचचा (दोन दातांमधलं अंतर ३ एमएम) पट्टा पण मिळतो, त्याचे दात खोल असतात, उडत नाहीत सहसा, पण २० दातांच्या पुलीला एका फेऱ्यात ६० एमएम जाणार, म्हणजे मोटरचा जोर तिसऱ्या हिश्श्याने कमी मिळेल आणि स्टेपचं सेटिंग पण बदलावं लागेल. पट्ट्याच्या आत स्टीलची तार असलेला प्रकार ताणाला बरा असतो पण एवढ्या छोट्या पुलीवर सारखा वाकून-वाकून आतली तार तुटते, माझ्याकडे वर्षभरात तुटली, मी परत फायबरग्लासवर आलो.

आता तुमच्या गणपतीचं. फळी क्लॅम्पमधून काढली नसेल तर काढू नका. आधी मशीन दुरुस्त करा, एमडीएफवर तपासा. मग बॉलनोज (गोल टोकाचं) टूल लावून सरकण्याच्या आधी कोरलेल्या भागातली एखादी ओळखीची जागा शोधा, मुकुटाचं टोक किंवा कानाची कड, डिझाईनमध्ये त्या जागेचे एक्स-वाय आकडे बघा आणि टूल हाताने त्या जागेवर नेऊन तेच आकडे मशीनला द्या. पहिली फेरी झेड ५ एमएम वर ठेवून हवेतच चालवा आणि टूल जुन्या नक्षीवरून बरोबर चालतंय का बघा. सरकलेला भाग रफिंगचाच असेल आणि खाली लाकूड शिल्लक असेल तर फिनिशिंग त्याला खाऊन टाकेल, काही कळणार पण नाही. जिथे जास्त कापलं गेलंय तिथे त्याच फळीच्या तुकड्यातून पातळ चकती काढून शीर जुळवून फेविकॉलने बसवा, २४ तास वाळू द्या आणि पटाशीने हाताने उतरवा. पुढच्या फळीला मात्र काम सुरू करायच्या आधी मशीननेच शून्याच्या जागी वाया जाणाऱ्या कडेला ६ एमएमचं एक भोक पाडून घ्या, आणि एक्सच्या रेषेत दुसरं. मध्येच काही झालं तर टूलच्या जागी ६ एमएमची दांडी लावून त्या भोकात उतरवली की शून्य परत मिळतं, शोधत बसावं लागत नाही.

व्हर्नियरचा आकडा आणि शाफ्टची जाडी कळवा, पुलीच्या तोंडाचा जवळून फोटो पण टाका, मग पुढचं सांगतो.